बंबवाल्यांची बोट

वाचकहो, १४ एप्रिल हा दिवस आपल्या घरात कोणाला सांगावा लागत नाही. आदल्या रात्रीपासून पताका लागतात, बायाबापड्या पांढऱ्या साड्या इस्त्री करून ठेवतात, पोरेटोरे रात्रीचे बारा वाजण्याची वाट पाहत जागी राहतात. परंतु त्याच दिवशी सकाळी मुंबईच्या अग्निशमन दलात मृत जवानांना मानवंदना दिली जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हाला तरी बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेब त्या दिवशी त्रेपन्न वर्षांचे झाले. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. एकाच जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि टनावारी दारूगोळा! हे शहाणपण गोदीतल्या एखाद्या हमालाला विचारले असते तरी त्याने कपाळावर हात मारला असता. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, नंतर दुसरा झाला, आणि आग विझवायला धावलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

हे आम्हाला सांगितले आमच्याच वस्तीतल्या एका तरुणाने. तो अग्निशमन दलात आहे. दर १४ एप्रिलला तो सकाळी गणवेशात मानवंदनेला जातो आणि दुपारी घरी येऊन पांढरा सदरा घालून मिरवणुकीच्या तयारीला लागतो. यंदा जयंतीच्या आधी विहाराचा माळा साफ करायला तोच वर चढला होता. वरून खाली एकेक वस्तू देता देता तो म्हणाला, “काका, लंडनच्या बंबवाल्यांची एक बोट आहे. नव्वद वर्षांची. भंगारात निघालेली, तिथल्या लोकांनी परत उभी केली.” आम्ही म्हटले, “अरे, आधी ती पेटी नीट धर, पडेल.” पेटीचे पुढे सांगू. पण बोटीची गोष्ट डोक्यातून गेली नाही. मिळेल ते वाचून काढले, आणि ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

बोटीचे नाव ‘मॅसी शॉ’. सर आयर मॅसी शॉ हे १८६१ पासून १८९१ पर्यंत लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख होते, त्यांचे हे नाव. बोट बांधली १९३५ साली, इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचे बेट आहे तिथल्या काउस गावी, जे. सॅम्युअल व्हाइट यांच्या कारखान्यात. पैसा लंडन काउंटी कौन्सिलचा, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेचा. खर्च सुमारे १८,००० पौंड. लांबी ७८ फूट, अंग पोलादी पत्र्याचे, पत्रे एकमेकांना रिबिटाने जोडलेले. पोटात दोन ग्लेनिफर डिझेल इंजिने, एकेक १६० अश्वशक्तीचे. हीच इंजिने बोट चालवीत आणि हीच पंप चालवीत. मिनिटाला ३,००० गॅलन पाणी ती फेकू शके. आपल्या चाळीत सकाळी तासभर नळ येतो तेव्हा एका घरात किती हंडे भरतात ते गृहिणींनी मनाशी धरावे आणि मग हा आकडा पुन्हा वाचावा.

लंडन शहराला बोटीचा बंब कशाला हवा, असे कोणी विचारील. थेम्स नदीच्या दोन्ही काठांना त्या काळी गोदामांची रांगच्या रांग होती. आपल्याकडचा चहा, ताग, मसाले, मलायाचे रबर, कुठली साखर, कुठले लाकूड, सगळ्या वसाहतींतून ओढून नेलेला माल तिथे भरलेला असे. गोदामाला आग लागली की रस्त्याच्या बाजूने बंब पोहोचत, पण नदीच्या बाजूची भिंत पेटलेलीच राही. तिकडून मारा करायला ही बोट. पूल पुष्कळ, आणि भरतीला पाणी चढले की पुलाखाली जागा कमी राहते, म्हणून बोट मुद्दाम बसकी बांधलेली. चालकाच्या डोक्यावर छप्परसुद्धा नव्हते. पाऊस असो, ठिणग्या असोत, तो उघड्यावर उभा. त्याच वर्षी वॅपिंग भागात रबराच्या गोदामाला मोठी आग लागली तेव्हा ह्या नव्या बोटीची पहिली परीक्षा झाली.

ही बोट नदीची. समुद्र तिने पाहायचा नव्हता, आणि तिच्यावरच्या बंबवाल्यांनीही नाही. परंतु १९४० च्या मे महिन्यात हिटलरच्या फौजांनी इंग्रज आणि फ्रेंच सैन्याला फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्क गावाशी कोंडले. किनारा उथळ, मोठी जहाजे वाळूपर्यंत येऊ शकत नव्हती. तेव्हा इंग्लंडमधून मासेमारीच्या होड्या, नदीतल्या सहलीच्या लाँचेस, कोणाच्या खाजगी मोटारबोटी, जे तरंगते ते सगळे बोलावले गेले. २६ मे ते ४ जून ह्या दिवसांत ३,३८,२२६ सैनिक तिथून बाहेर काढले गेले. साम्राज्याच्या शौर्यकथांना आम्ही भुलणारे नाही. ज्या साम्राज्याने आपल्या देशाला दीडशे वर्षे पिळले त्याची आरती आम्ही कशाला ओवाळू? पण समोर हिटलर होता, आणि बोटीवर होते ते पगारी नोकर, तुमच्याआमच्यासारखे महिन्याच्या पगारावर घर चालवणारे.

मॅसी शॉवर जायला बंबवाले आपण होऊन तयार झाले. बोट निघाली, आणि वाटेतच तिला युद्धाचा करडा रंग फासण्यात आला. नदीत फिरणाऱ्या बोटीला होकायंत्र कशाला लागते? म्हणून ते नव्हतेच. ऐनवेळी एक मिळवले. पण पोलादी बोटीत होकायंत्राची सुई लोखंडाकडे ओढली जाते, ती आधी जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावी लागते. तेवढा वेळ कोणाला होता? शेवटी डंकर्कमध्ये पेटलेल्या आगीच्या धुराच्या रोखाने त्यांनी बोट हाकली. ज्यांचा जन्म आगीकडे धावण्यात गेला त्यांना धुराचा रस्ता बरोबर सापडला, असे म्हणायला हरकत नाही.

तिथे पोहोचल्यावर लहान होडी किनाऱ्याला पाठवली तर थकलेले, घाबरलेले सैनिक एकदम तिच्यावर पडले आणि होडी बुडाली. मग किनाऱ्यापासून बोटीपर्यंत दोर ताणून त्याच्या आधाराने होडी पुढेमागे ओढण्याची युक्ती काढली. पहिल्या खेपेला साठेक सैनिक घेऊन बोट इंग्लंडला परतली. अशा तीन खेपा झाल्या. पाचशेहून अधिक माणसे तिने किनाऱ्यावरून उचलून खोल पाण्यातल्या मोठ्या जहाजांवर पोहोचवली आणि शंभरावर माणसे स्वतः घरी आणली. शेवटच्या खेपेहून परतताना ‘एमिल देशां’ हे फ्रेंच जहाज सुरुंगावर आदळून बुडाले, त्यातलेही चाळीसच्या आसपास जखमी लोक ह्या बोटीने पाण्यातून काढले. पुढे लंडनवर बॉम्ब पडू लागले, रस्त्याखालचे पाण्याचे नळ फुटले, तेव्हा नदीतून पाणी खेचून काठावरच्या बंबांना पुरवण्याचे काम तिने केले.

इथपर्यंतची गोष्ट तिथली पोरे शाळेत ऐकतात. आम्हाला त्यापेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते.

१९७१ साली मॅसी शॉ निवृत्त झाली. गोदामे ओस पडत चालली होती, माल दुसऱ्या बंदरांकडे वळला होता, बोटीला काम उरले नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे, खतावणीत आयुष्य गेलेले, म्हणून आम्हाला घसाऱ्याची भाषा लगेच कळते. यंत्राची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी करीत जायचे आणि एके दिवशी वहीत त्या यंत्रापुढे शून्य लिहायचे. वहीत शून्य झाले की माणसांच्या मनातही शून्य होते. बोट लंडनच्याच एका गोदीत बांधून ठेवली गेली आणि तिच्याकडे पाहणारे कोणी उरले नाही.

बांधून ठेवलेली बोट म्हणजे जागच्या जागी मरणारी बोट, हे वर्कशॉपमध्ये काम केलेल्या वाचकांना सांगायला नको. पावसाचे पाणी आत साचते. तळाशी तेल, चिखल आणि पाणी ह्यांचा रबडा होतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, हातोडीचा ठोका मारला तर खण्ण आवाज येण्याऐवजी बद्द आवाज येतो. रिबिटाचे डोके गंजून झडले की दोन पत्र्यांच्या सांध्यातून पाणी झिरपते. इंजिन फिरवले नाही की दट्ट्या सिलिंडरला धरून बसतो. बरे, ग्लेनिफरचे सुटे भाग कुठल्या दुकानात मिळणार? इंजिन बनवणारेच उरले नाहीत तर एकेक भाग जुन्याच्या मापाने लेथवर काढून घ्यावा लागतो.

१९८० नंतरच्या काही वर्षांत अग्निशमन दलाशी नाते असलेली काही माणसे आणि त्यांच्यासारखेच वेडे असे आणखी काही लोक एकत्र आले. त्यांनी बोटीच्या जतनासाठी संस्था काढली. वर्गणी, देणग्या, सुट्टीच्या दिवशी अंगमेहनत. हे काम एका वर्षाचे नव्हते, दहा वर्षांचेही नव्हते. खरवडणे, शेंदरी रंगाचा हात देणे, पाणी उपसणे, इंजिन फिरवून पाहणे, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यात कोणाचा फोटो छापून येत नाही. आणि वर्षे जात होती तशी नुसत्या डागडुजीने भागत नव्हते, कारण मूळ पत्राच पातळ होत चालला होता. पातळ पत्र्यावर रंग म्हणजे क्षयाच्या रोग्याला पावडर लावण्यासारखे आहे.

शेवटी २००८ साली त्यांच्या देशात लॉटरीच्या उत्पन्नातून जुन्या वास्तूंसाठी जो निधी देतात त्यातून दहा लाख पौंडांहून मोठी रक्कम मंजूर झाली. ही रक्कम कोणी सहज हातावर ठेवीत नाही. असा निधी देणारे लोक आधी विचारतात, पुढची वर्षे देखभाल कोण करणार, हिशेब कोण ठेवणार, लोकांना ह्या वस्तूचा उपयोग काय? ज्यांच्याकडे पंचवीस वर्षांच्या सभांची इतिवृत्ते आणि खर्चाच्या पावत्या असतात त्यांनाच ह्या प्रश्नांची उत्तरे देता येतात. आमच्या कार्यकर्त्यांना पावती मागितली की राग येतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

ग्लॉस्टर शहराच्या गोदीत बोट सुक्यावर घेतली गेली. खराब पत्रे कापून नवे बसवले, यंत्रे उघडून साफ झाली, आणि २०१३ साली बोट लंडनला परतली. निवृत्त झाल्याला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती.

अशा कामात एक वाद नेहमी निघतो, आणि तो आम्हाला फार आवडला. कोणत्या सालची बोट परत उभी करायची? १९३५ साली मॅसी शॉवर चालक उघड्यावर उभा राही. त्याच्यासाठी केबिन झाली ती युद्धानंतर. मग केबिन काढून टाकायची की ठेवायची? आणि इतके पत्रे बदलल्यावर ही तीच बोट राहिली का? आपल्या धम्मात नागसेन आणि मिलिंद राजाचा रथाबद्दलचा संवाद प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, तरी त्या सगळ्यांच्या मेळाला आपण रथ म्हणतो. लंडनच्या फिटरने मिलिंदप्रश्न वाचला नसेल, पण गंजका पत्रा हातात घेऊन तो त्याच प्रश्नापुढे उभा होता.

डंकर्कला गेलेल्या आणखी एका बोटीबद्दल दोन शब्द. ‘सनडाउनर’ तिचे नाव. तिचे मालक चार्ल्स लाइटोलर हे ‘टायटॅनिक’ जहाजावरचे वाचलेले अधिकारी. तेच टायटॅनिक, ज्यावरचे तिसऱ्या वर्गाचे चारातले तीन उतारू बुडाले. लाइटोलर यांनी १९२९ साली चिखलात पडलेला जुना सांगाडा विकत घेऊन त्याची मोटारबोट केली, १९४० साली मुलाला आणि एका तरुण स्काउटला घेऊन स्वतः डंकर्कला नेली आणि एका खेपेत १३० च्या आसपास माणसे आणली. १९५२ साली मरेपर्यंत ती बोट त्यांचीच होती. आज ती रॅम्सगेटला जतन केलेली आहे. एका माणसाची जिद्द मोठीच, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु एका माणसाची बोट त्याच्या आयुष्याएवढी. तो गेला की तिला नवा वाली शोधावा लागतो. मॅसी शॉचे पाहा, ती कोणाच्या बापाची नव्हती. आज मॅसी शॉ एज्युकेशन ट्रस्ट तिचा सांभाळ करतो आणि शाळेची मुले तिच्यावर येऊन इतिहास शिकतात.

आता माळ्यावरच्या पेटीकडे येतो.

आमच्या वस्तीत पूर्वी गायन पार्टी होती. भीमराव कर्डकांच्या जलशांनी जी वाट पाडली त्या वाटेने गावोगाव जाणाऱ्या ज्या शेकडो पार्ट्या निघाल्या त्यांतली ही एक. त्या पार्टीची बाजाची पेटी म्हणजे ही. माळ्यावर ती किती वर्षे होती ते कोणालाच नेमके सांगता येईना. भाता उंदरांनी कुरतडलेला, दोन पट्ट्या गेलेल्या, लाकडाला भेग. सभेत विषय निघाला तेव्हा एका सभासदाचे म्हणणे पडले की नवा कीबोर्ड काही हजारांत येतो, हे कशाला ठेवायचे, जागा अडते. दोघातिघांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर आम्हीही डोलावली असती. २००९ साली आम्ही सचिव असताना ह्याच माळ्यावरच्या जुन्या स्मरणिका, पावतीपुस्तके आणि जलशांच्या हस्तलिखित वह्या रद्दीत दिल्या. वाळवी लागली होती हे खरे, पण सगळ्याच वह्यांना लागली नव्हती. आम्ही उघडून पाहिल्याच नाहीत. रद्दीवाल्याची पावती मात्र फाइलला आहे, आमच्या सहीची.

पण त्या सभेत कोपऱ्यात बसलेल्या आक्का उठल्या. वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, “ह्या पेटीला काय झालंय ते तरी बघा आधी. माझ्या मालकांनी ही डोक्यावरनं नेलीय, एस.टी.वाला वर चढवू देईना तेव्हा.” त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. सभेत कोणाला काही सुचेना. मग त्या बंबवाल्या तरुणाने बोटीची गोष्ट सगळ्यांना सांगितली, आम्ही वर लिहिली त्यापेक्षा चांगली. एका बाईंनी विचारले, “पण पैसा कोण देणार?” प्रश्न रास्त होता.

पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे आम्ही दोघे घेऊन गेलो. त्याने ती उघडली, आतल्या पितळी सुरांवर फुंकर मारली आणि म्हणाला, “साहेब, सूर चांगले आहेत. असे सूर आता मिळत नाहीत. भाता नवा करावा लागेल, पट्ट्या दोन, आणि लाकूड मी सरस भरून देतो.” त्याने सांगितलेला आकडा मोठा नव्हता, पण आमच्या विहाराच्या गल्ल्यात तेवढाही नव्हता. अकरा घरांनी महिन्याला पन्नास रुपये द्यायचे कबूल केले आहे. वही घातली आहे, पहिल्या पानावर पेटीची मापे आणि मोडतोड लिहून ठेवली आहे, पावत्या आम्ही स्वतः फाडतो. त्या तरुणाने एक अट घातली आहे की कारागिराकडे बसून भाता कसा चढवतात ते वस्तीतल्या दोन पोरांनी शिकून घ्यायचे, कारण तो पुन्हा फाटणार आहेच.

दोन हप्ते झाले. भाता नवा चढला आहे, पट्ट्या अजून बाकी आहेत. पेटी सध्या आमच्याच घरी कॉटखाली असते. परवा आक्का येऊन तिच्यापुढे बसल्या. थरथरत्या बोटाने त्यांनी पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, “काळी चार लागत नाही अजून.” आम्ही वहीत तशी नोंद केली.